चार ऑफर हातात असताना विद्यापीठ कसं निवडायचं

अर्ज पाठवल्यावर एकच धाकधूक असते, कुठून तरी होकार येईल ना? मग तीन-चार ठिकाणांहून होकार येतात, घरात आनंद होतो आणि दोनच दिवसांत नवी काळजी सुरू होते: यातलं घ्यायचं कोणतं? ठरवायला हातात जेमतेम काही आठवडे असतात आणि पणाला लागलेली असतात पुढची काही वर्षं, शिवाय बहुतेकांच्या बाबतीत मोठी रक्कमही. एवढ्या मोठ्या निर्णयासाठी बरेच जण करतात काय, तर रँकिंगची यादी उघडतात, त्यात जे नाव वर असेल ते धरतात आणि मोकळे होतात.

मला या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. विद्यापीठांची तुलना करत बसू नका. तुम्हाला मिळालेल्या ऑफरची तुलना करा. विद्यापीठ म्हणजे हजारो विद्यार्थी, डझनावारी विभाग, शेकडो प्राध्यापक. तुमचा रोजचा संबंध येणार तो एका विभागाशी, एका अभ्यासक्रमाशी आणि फार तर वीस-तीस माणसांशी. एकाच विद्यापीठात एक विभाग जगात गाजलेला आणि शेजारचा कसाबसा चाललेला, असं सर्रास असतं. त्यामुळे "अमुक विद्यापीठ चांगलं आहे का?" या प्रश्नाला खरं तर उत्तरच नाही. "अमुक अभ्यासक्रम, या अटींवर, मला हवं ते देईल का?" या प्रश्नाला मात्र उत्तर आहे आणि ते शोधता येतं.

पहिलं काम: पत्र शब्दन् शब्द वाचणं

ऑफर लेटरचा पहिला परिच्छेद अभिनंदनाचा असतो. तो वाचून झाला की पत्र बाजूला ठेवलं जातं, आणि कामाचा मजकूर त्याच्या खालीच राहतो. प्रवेश विनाअट आहे की सशर्त, हे आधी बघा. सशर्त असेल तर अट कशाची? अंतिम परीक्षेतल्या गुणांची, भाषेच्या परीक्षेतल्या गुणांची, की फक्त मूळ कागदपत्रं पोचवण्याची? शेवटची अट औपचारिक असते, पहिल्या दोन तशा नसतात. ज्या ऑफरची अट पुरी होईल याची खात्री नाही, तिच्या भरवशावर बाकीच्या सगळ्यांना नकार कळवणं धोक्याचं आहे. ब्रिटनमध्ये पदवी प्रवेशाच्या 'यूकास' या केंद्रीय व्यवस्थेत याची सोयच करून ठेवली आहे. पाचपर्यंत अर्ज करता येतात, आणि होकार आल्यावर एक पहिली पसंती आणि एक राखीव अशा दोन ऑफर धरून ठेवता येतात. राखीव ऑफरची अट पहिलीपेक्षा सोपी असली तरच तिचा उपयोग. दोन्हींना सारखेच गुण लागणार असतील तर पहिली हुकली की दुसरीही हुकते. तरीही अनेक जण तशाच दोन ऑफर धरून बसतात.

यानंतर पैशांचा मजकूर. तिथे साधारण अशा अर्थाचं एक वाक्य हमखास सापडतं: 'हे अर्थसाहाय्य समाधानकारक शैक्षणिक प्रगती आणि निधीची उपलब्धता यांच्या अधीन राहील.' वाचताना ते निरुपद्रवी वाटतं, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींची चौकशी करायला हवी. 'समाधानकारक प्रगती' म्हणजे एका ठिकाणी नुसतं पास होणं, तर दुसऱ्या ठिकाणी चारपैकी साडेतीनची सरासरी सतत टिकवणं. जिथे वर्गातल्या ठरावीक जणांनाच वरची श्रेणी मिळते, तिथे साडेतीन टिकवणं तुमच्या एकट्याच्या मेहनतीवर राहत नाही. म्हणून सरळ ईमेल करून विचारा: मागच्या वर्षी ही शिष्यवृत्ती मिळालेल्यांपैकी किती जणांची दुसऱ्या वर्षीही चालू राहिली? 'निधीची उपलब्धता' हे शब्द मात्र बऱ्याच पत्रांत कायदेशीर सावधगिरी म्हणून घातलेले असतात. ते दिसले म्हणून घाबरू नका, पण गेल्या काही वर्षांत कुणाचं साहाय्य मध्येच थांबलं होतं का, हे विचारून घ्या. प्रश्न विचारला म्हणून ऑफर काढून घेत नाहीत. उलट, नीट उत्तर येतं की टाळाटाळ होते, यावरून पुढे तिथलं ऑफिस तुमच्याशी कसं वागेल याचाही अंदाज येतो.

शिष्यवृत्ती फक्त पहिल्या वर्षापुरती आहे का, हेही तपासा. पहिल्या वर्षी भरघोस सवलत आणि पुढे पूर्ण फी अशी रचना काही ठिकाणी असते, आणि पत्रात ती लपवलेलीही नसते. आपणच 'प्रथम वर्षासाठी' हे दोन शब्द वाचत नाही.

पैशांचा हिशेब पूर्ण अभ्यासक्रमाचा करा

एका वर्षाची फी दुसरीकडच्या एका वर्षाच्या फीशी ताडून काहीच कळत नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रम एका देशात एका वर्षाचा असतो आणि दुसऱ्या देशात दोन वर्षांचा. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी तो एका वर्षात संपतो, तर अमेरिकेत आणि युरोपातल्या अनेक देशांत साधारण दोन वर्षं लागतात. एक वर्ष कमी म्हणजे एका वर्षाची फी, राहण्याचा खर्च वाचला आणि कमाईही वर्षभर आधी सुरू झाली. पण त्याची दुसरी बाजूही आहे. वर्षभराच्या अभ्यासक्रमात पहिलं सत्र सुरू होतं न होतं तोच नोकरीचे अर्ज भरायची वेळ येते, उन्हाळी इंटर्नशिपला जागाच उरत नाही. ज्याला विषय बदलायचा आहे किंवा कामाचा अनुभव मिळवायचा आहे, त्याच्यासाठी दुसरं वर्ष हा वाया गेलेला खर्च नसतो.

फीमाफी आणि खर्चाला मिळणारा स्टायपेंड या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 'पूर्ण फंडिंग' या शब्दात दोन्ही येतीलच असं नाही. शिकवण्याची फी माफ झाली तरी सक्तीची इतर शुल्कं आणि आरोग्य विमा अंगावर पडू शकतो. स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा महिन्यांचा, हा फरक दिसायला छोटा, पण उन्हाळ्याचे तीन महिने राहायचं-खायचं कुठून, हा प्रश्न दरवर्षी येतो. शिवाय आकडा मोठा म्हणून ऑफर मोठी, असंही नाही. महागड्या शहरातला मोठा स्टायपेंड घरभाड्यातच संपतो आणि छोट्या गावातल्या कमी रकमेत माणूस नीट राहतो.

कर्ज काढणार असाल तर एक गणित कागदावर मांडून बघाच. समजा 100 एकक कर्ज घेतलं, व्याज वर्षाला 10 टक्के आणि शिकत असलेली दोन वर्षं एकही हप्ता भरला नाही. व्याज मुद्दलात मिळत गेलं तर दोन वर्षांनी कर्ज होतं 121. ते पुढे 10 वर्षांत समान मासिक हप्त्यांनी फेडलं तर एकूण भरावे लागतात साधारण 192. म्हणजे दोन ऑफरमधला आज दिसणारा फरक 100 चा असेल तर तुमच्या खिशातून तो जवळजवळ दुप्पट होऊन जाणार. "थोडं जास्त कर्ज घेऊ, पण नाव मोठं घेऊ" असं म्हणण्याआधी हा दुप्पट झालेला आकडा डोळ्यांसमोर ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रँकिंग काय मोजतं आणि काय मोजत नाही

रँकिंग निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. अनोळखी देशातलं विद्यापीठ साधारण कुठल्या पातळीचं आहे, हे त्यावरून चटकन कळतं. पण तो क्रमांक कशापासून तयार झाला हे पाहिल्याशिवाय त्यावर निर्णय घेऊ नये.

2003 साली सुरू झालेली शांघाय रँकिंग घ्या. चिनी विद्यापीठं जगातल्या आघाडीच्या विद्यापीठांपासून किती दूर आहेत हे मोजण्यासाठी शांघाय जिआओ तोंग विद्यापीठानं ती तयार केली. तिच्यात माजी विद्यार्थ्यांच्या नोबेल आणि फील्ड्स (गणितातला मोठा सन्मान) पदकांना 10 टक्के, प्राध्यापकांच्या अशा पुरस्कारांना 20 टक्के, 'नेचर' आणि 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकांमधल्या शोधनिबंधांना 20 टक्के असं वजन आहे. उरलेलं वजनही जवळजवळ सगळं संशोधनाचंच. वर्गात कसं शिकवतात, याला त्यात जागाच नाही. क्यूएस या दुसऱ्या जागतिक रँकिंगची पद्धत वेगळी. तिथे 2024 च्या आवृत्तीपासून 30 टक्के वजन प्राध्यापकांच्या मतचाचणीतून येणाऱ्या प्रतिष्ठेला आणि 15 टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मताला आहे. त्याआधी प्राध्यापकांच्या मताचं वजन 40 टक्के होतं. मोजण्याची पद्धत बदलली की क्रमांक हलतात; तिथला वर्ग, तिथली प्रयोगशाळा जशी होती तशीच असते. म्हणून 38 वा आणि 61 वा यांतल्या फरकावर घरात वाद घालणं व्यर्थ आहे.

आकडे चुकीचे दिले गेल्याचीही उदाहरणं आहेत. 2022 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाचा 'यू. एस. न्यूज'च्या रँकिंगच्या यादीत दुसरा क्रमांक होता. तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकल थॅडियस यांनी विद्यापीठानं दिलेली आकडेवारी तपासली आणि वर्गातली विद्यार्थिसंख्या, प्राध्यापकांची पात्रता यांसारख्या आकड्यांवर जाहीर प्रश्न उभे केले. पुढे विद्यापीठानं काही आकडे चुकल्याचं मान्य केलं आणि त्याच वर्षीच्या नव्या यादीत क्रमांक 18 वर गेला. त्या काही महिन्यांत तिथलं शिक्षण सोळा पायऱ्या घसरलं, असं कुणीच म्हणणार नाही.

वर्गाच्या आकाराचा आकडा तर खरा असूनही फसवू शकतो. समजा एका विभागात दहा वर्ग आहेत. नऊ वर्गांत प्रत्येकी 10 विद्यार्थी आणि एका वर्गात 210. विभाग सांगणार, आमच्या वर्गाची सरासरी 30. गणित बरोबर आहे, 300 भागिले 10. आता हाच प्रश्न विद्यार्थ्यांना विचारा. 300 पैकी 210 जण सांगतील, आम्ही 210 जणांच्या वर्गात बसतो. सगळ्यांच्या उत्तरांची सरासरी काढली तर ती येते 150. विभागाची सरासरी 30 आणि विद्यार्थ्याच्या अनुभवाची 150, आणि दोन्ही आकडे खरे! म्हणून सरासरी विचारू नका. तुम्ही घेणार आहात त्या चार-पाच विषयांची नावं सांगा आणि मागच्या वर्षी त्या प्रत्येक वर्गात किती जण होते ते विचारा.

नोकरीच्या आकड्यांचंही तसंच. 'आमच्या 90 टक्के विद्यार्थ्यांना नोकरी' यातले 90 टक्के कुणाचे? समजा 200 जण पास झाले, त्यांतल्या 90 जणांनी पाहणीला उत्तर दिलं आणि त्यांतल्या 81 जणांना नोकरी होती. हे झाले 90 टक्के. उरलेल्या 110 जणांचं काय झालं, हे कुणालाच माहीत नाही, आणि ज्यांना नोकरी मिळालेली नसते ते अशा पाहणीला उत्तर द्यायला फारसे उत्सुक नसतात. उत्तर किती जणांनी दिलं, नोकरी शिकलेल्या विषयातली होती का आणि पगाराची सरासरी दिली आहे की मध्यक (सगळे पगार चढत्या क्रमानं लावले तर बरोबर मधला), हे तीन प्रश्न विचारले की आकड्याचा खरा अर्थ कळतो. दोन-तीन भरमसाट पगार सरासरीला वर ओढतात, मध्यकाला नाही.

मग नावाला काहीच किंमत नाही का?

आहे, पण वाटते त्यापेक्षा कमी, आणि सगळ्यांसाठी सारखी नाही. या प्रश्नावर स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांचं 2002 साली प्रसिद्ध झालेलं संशोधन मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते नेमकं तुमच्यासारख्यांबद्दल आहे. नामांकित कॉलेजांतून बाहेर पडलेले लोक जास्त कमावतात, हे तर दिसतंच. पण ते कॉलेजमुळे, की कॉलेजनं मुळात हुशार आणि जिद्दी मुलं निवडली म्हणून? हे वेगळं काढण्यासाठी त्यांनी सारख्याच दर्जाच्या कॉलेजांनी ज्यांना प्रवेश दिला किंवा नाकारला होता अशा विद्यार्थ्यांची आपसांत तुलना केली. काही जण जास्त निवडक, म्हणजे मोजक्यांनाच प्रवेश देणाऱ्या, कॉलेजात गेले, काही ऑफर असूनही कमी निवडक कॉलेजात गेले. पुढच्या कमाईत सरासरी फरक जवळजवळ दिसला नाही. अपवाद होता तो कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेल्यांचा, त्यांना निवडक कॉलेजचा फायदा झाला. कारण समजण्यासारखं आहे. ज्यांच्या घरी आधीपासून ओळखी आणि मार्ग दाखवणारी माणसं नसतात, त्यांना ती कॉलेजमधून मिळतात.

2023 मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी अमेरिकेतल्या अतिनामांकित बारा कॉलेजांचा असाच अभ्यास केला. सरासरी कमाईत त्यांनाही फारसा फरक दिसला नाही. पण कमाईत अगदी वरच्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता तिथे गेल्यानं सुमारे दीडपट झाली, आणि नामवंत संस्थांत पुढचं शिक्षण किंवा नोकरी मिळण्याची शक्यताही बरीच वाढली. हे निष्कर्ष अमेरिकेतल्या पदवी शिक्षणाचे आहेत, ते जसेच्या तसे सगळीकडे लावता येणार नाहीत. तरी त्यातून मी अंदाज बांधतो तो असा: ज्या क्षेत्रात दारावरच नाव बघून आत घेतात, म्हणजे काही मोजक्या सल्लागार कंपन्या, वित्तसंस्था, वरची न्यायालयं, तिथे जायचं पक्कं ठरलं असेल तर नावासाठी जास्त मोजावं. बाकीच्यांनी त्या नावासाठी कर्ज दुप्पट करू नये.

आज तिथे शिकणाऱ्यांशी बोला

माहितीपत्रक सगळ्यांचं छानच असतं. खरी माहिती मिळते ती दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून. पहिल्या वर्षाचा अजून नवलाईत असतो आणि पास झालेल्याला त्रास विसरायला होतो. विभागाला सांगितलं तर ते नावं देतात, पण त्यांनी निवडून दिलेल्या एकाशीच बोलून थांबू नका, स्वतः शोधून आणखी दोघांशी बोला.

"कसं आहे तिथे?" असं विचारलं तर "छान आहे" एवढंच उत्तर येतं. ठोस घटना विचारा. तुमच्या प्राध्यापकांशी एकट्यानं शेवटचं बोलणं कधी झालं? या सत्रात तुम्हाला हवा असलेला विषय जागा भरल्यामुळे हुकला का? मागच्या महिन्यात रविवारी काय करत होतात? तुमच्या बॅचमधून कुणी सोडून गेलं का, आणि का? शेवटच्या प्रश्नावर माणूस क्षणभर थांबला तर तुम्हीही थांबा, लगेच दुसरा प्रश्न विचारू नका. पुढे तो जे सांगेल ते इतर कुठेही लिहिलेलं सापडणार नाही.

पीएचडीची गोष्ट निराळी आहे. तिथे विद्यापीठाच्या आणि विभागाच्याही आधी गाइड येतो. पाच-सहा वर्षं रोजचं काम, निबंधांवर नाव, पुढची शिफारसपत्रं, सगळं एका माणसाच्या हातात असतं. म्हणून त्याच्या आजवरच्या विद्यार्थ्यांची यादी काढा. किती जणांची पीएचडी पूर्ण झाली, सरासरी किती वर्षांत, आज ते कुठे आहेत आणि किती जण मध्येच दुसऱ्या गाइडकडे गेले, हे शोधा. तो निवृत्तीला आलाय का, दुसरीकडे जाण्याच्या बेतात आहे का, त्याच्या प्रकल्पाचं अनुदान कधी संपतं, हे त्यालाच विचारायला संकोच करू नका. आणि शक्यतो असा विभाग निवडा जिथे तुम्हाला काम करावंसं वाटेल असे किमान दोन-तीन जण आहेत. एकावरच सगळं अवलंबून असेल आणि नेमकं त्याच्याशी बिनसलं, तर आपला विषय घेऊन दुसरीकडे जायला वाट राहत नाही.

तरीही ठरत नसेल तर

अनेक जण प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण देऊन बेरीज करतात. मला ती पद्धत फारशी पटत नाही. 7.4 आणि 7.1 यांतून जी अचूकता दिसते ती खरी नसते, आणि मनात आधीच ठरलेलं असेल तर गुण आपोआप तसेच पडतात. बेंजामिन फ्रँकलिननं 1772 मध्ये, नवी नोकरी धरावी का या पेचात असलेल्या जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञ मित्राला, एक पद्धत कळवली होती. कागदावर दोन रकाने करायचे, तीन-चार दिवस सुचतील तसे बाजूचे आणि विरुद्धचे मुद्दे लिहायचे. मग दोन्हीकडचे सारख्या वजनाचे मुद्दे शोधून खोडत जायचे. कधी एकाकडचा एक मुद्दा दुसरीकडच्या दोनांच्या तोडीचा असतो, तर तीनही खोडायचे. शेवटी उरतात ते एक-दोन मुद्दे आणि खरा निर्णय तेवढ्यावरच असतो. दोन ऑफरना ही पद्धत छान लागू पडते. खोडाखोडी करताना घरच्यांना सोबत घ्या, कारण बऱ्याचदा मुलाचे आणि आईवडिलांचे उरणारे मुद्दे वेगळे असतात, आणि ते कागदावर आले की मतभेद नेमका कशाचा आहे तेवढं तरी कळतं.

मुदत, डिपॉझिट आणि नकार कळवणं

कुणी दोन दिवसांत उत्तर मागत असेल तर आधी नियम बघा. अमेरिकेत 'कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स'चा एक ठराव आहे. त्यावर सही केलेल्या विद्यापीठांनी शिष्यवृत्ती किंवा असिस्टंटशिप (शिकवण्याच्या वा संशोधनाच्या कामाबद्दल मिळणारे पैसे) यांसारखं अर्थसाहाय्य देऊ केलं असेल, तर 15 एप्रिलच्या आधी उत्तर देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नसतं. तो लागू होतो अर्थसाहाय्याच्या ऑफरना. नुसत्या प्रवेशाची मुदत वेगळी असू शकते. तिथल्या पदवी प्रवेशासाठी 1 मे ही रूढ तारीख आहे. इतर ठिकाणी मुदत वाढवून हवी असेल तर कारण देऊन, नेमकी तारीख लिहून, मुदत संपायच्या आधी मागा. "दुसऱ्या विद्यापीठाचा फंडिंगचा निर्णय अमुक तारखेला कळणार आहे" हे कारण त्यांना नवीन नसतं.

जागा राखण्यासाठीचं डिपॉझिट भरण्याआधी ते परत मिळतं का आणि व्हिसा नाकारला गेला तर काय, हे लेखी घ्या. एका वेळी दोन ठिकाणी डिपॉझिट भरून जागा अडवू नये. विद्यापीठांना कोण येणार हे ठाऊक नसतं, म्हणून ती जागांपेक्षा जास्त ऑफर देतात आणि अंदाज चुकला तर वेटलिस्टवरून बोलावतात. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांचा 1962 चा प्रसिद्ध गणिती निबंध याच पेचापासून सुरू होतो, आणि त्या कामाच्या वाटेनं पुढे शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तुम्ही अडवलेली जागा म्हणजे वेटलिस्टवर थांबलेला कुणीतरी खराखुरा विद्यार्थी. म्हणून जिथे जाणार नाही हे नक्की झालं, तिथे त्याच दिवशी नकार कळवा. दोन ओळी पुरतात: आभार, आणि मी दुसरीकडे प्रवेश घेत आहे. ज्या प्राध्यापकांशी स्वतंत्र बोलणं झालं असेल त्यांना वेगळं पत्र लिहा. एकाच क्षेत्रात राहणार असाल तर ती माणसं पुढे पुन्हा भेटतात.

जिथे होकार दिलात तिथलं ऑफर लेटर, पैशांबद्दलची सगळी ईमेल आणि अभ्यासक्रमाच्या पानाची त्या दिवशीची प्रत जपून ठेवा. फोनवर जे आश्वासन मिळालं असेल ते "आपलं असं बोलणं झालं, बरोबर ना?" असं ईमेलनं विचारून त्यांच्याकडून लेखी घ्या, आणि हे डिपॉझिट भरण्याच्या आधी करा.